गार्डसाहेबांचा वाख

गार्डसाहेबांनी मला खोली दिली ती हिरवा झेंडा दाखवून.

सोलापुरातल्या एका हायस्कुलात मी विज्ञानाचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. एकटा जीव, एक वळकटी, एक ट्रंक. कुणीतरी पत्ता दिला म्हणून त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो, तर त्यांनी मला ओसरीवर बसवून एकेक प्रश्न टाकायला सुरुवात केली. विडीकाडी? नाही. पत्ते? नाही. मटणबिटण? घरात कधीच नाही, म्हणालो. "आन् भायेर?" यावर मी जरा घुटमळलो. "घुटमळला म्हंजे खोटं बोलता येत न्हाय तुमाला," असं म्हणून ते आत गेले, कोपऱ्यातला हिरवा झेंडा घेऊन आले आणि माझ्या तोंडासमोर दोनदा हलवून म्हणाले, "लाइन क्लिअर. या आत."

तीस वर्षं त्यांनी होटगीवरून सुटणाऱ्या मालगाड्यांच्या शेवटच्या डब्यात काढली होती. निवृत्तीनंतर शिट्टी आणि दोन झेंडे एवढंच त्यांच्यापाशी उरलं होतं आणि तेवढ्यावर ते अख्खं घर चालवत. न्हाणीघरात कुणी असलं की दारावर लाल झेंडा. पाहुणे निघाले की हिरवा, आणि एकदा हिरवा दाखवला की पाहुण्यानं पुन्हा ओसरीवर टेकायचं नाही, मग छत्री विसरलेली असो नाही तर पोर. जेवण वेळेवर आलं तर 'राइट टाइम', नाही तर 'लेट', असा शेरा ते पहिल्या घासाआधी देत. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अव्वा म्हणायची, मीही म्हणू लागलो. शेरा ऐकला की अव्वा चुलीकडे तोंड करून कानडीत काहीतरी पुटपुटायच्या. त्याचा अर्थ मी कधी विचारला नाही.

घर कडक शाकाहारी. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, सोमवारी उपास. अव्वांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळून अंड्याचं नाव काढलं तरी त्या उंबरा पुसून घेतील, असा तो कारभार.

पहिल्या आठवड्यात रोज सकाळी मला परसातल्या खोलीतून ठक-ठक असा आवाज यायचा. एकसारखा, न थकणारा. मला वाटलं, शेंगाचटणी कुटतात. पाच-सहा दिवस मी मोठ्या आशेनं ताटाकडे बघितलं. शेवटी न राहवून अव्वांना विचारलं, "चटणी बरीच कुटताय. विकता का?"

"चटणी न्हाय वो ती," त्या म्हणाल्या. "ते वाख कुटत्यात. घायपाताचा. धनुष्याला लावाय."

गार्डसाहेब धनुष्य बनवतात हे गल्लीला माहीत होतं. माणूस रेल्वेतनं सुटला की त्याला काहीतरी खूळ लागतंच, एवढ्यावर गल्लीनं ते सोडून दिलं होतं. कुणी निवृत्तीनंतर भजनी मंडळात जातो, कुणी भाडेकरूंशी कज्जे करतो, हे धनुष्य करतात. पण ते कशाचं करतात, ते गल्लीला माहीत नव्हतं.

मला कळलं ते सरसाच्या वासामुळे. एका रविवारी परसातून असा काही वास आला की मी नाकाला रुमाल लावून तिकडे गेलो. दारावर लाल झेंडा होता, पण विज्ञानाच्या मास्तराला वासाचं मूळ शोधल्याशिवाय चैन पडत नाही. आत गार्डसाहेब दगडावर वाळलेल्या, पिवळट, काठीसारख्या कडक काहीतरी वस्तूवर लाकडी मोगरी मारत बसले होते. मारता मारता ती वस्तू फुटत होती आणि तिचे पांढरे, चकचकीत धागे सुटत होते. मी एक धागा उचलून उजेडात धरला. घायपात मी पुष्कळ पाहिलेलं होतं.

"हा वाख नाही," मी म्हणालो.

त्यांनी दार लावून घेतलं. "मास्तर, तुमी सायन्सवाले. तुमाला सांगाय हरकत न्हाय. म्हशीची शीर हाय ही, पुस्तकात कंडरा म्हंत्यात ती. मागच्या पायाची, टाचेच्या वरची. अव्वाला कळलं तर मला आन् म्हशीला एकदमच भायेर काढंल."

मी त्यांच्या गळ्यातल्या लिंगाकडे बघितलं. त्यांनी माझं बघणं बघितलं.

"खातो का मी? न्हाय. मारतो का? न्हाय. देवळात मृदंग वाजतोय त्याला काय आंब्याची सालपटं लावल्यात? तुमच्या पायातली वहाण कशाची हाय? आपणहून मेलेल्या जनावराचीच शीर घेतो मी. उस्तादांना तसं सांगूनच ठेवलंय."

उस्ताद म्हणजे शहरातले एक म्हातारे मुसलमान कारागीर. टांग्याचे साज दुरुस्त करायचं त्यांचं छोटं दुकान होतं, पण त्यांचे वाडवडील कमानगर, म्हणजे धनुष्य करणारे. गार्डसाहेबांच्या वळसंगच्या आजोळी एक मोडकी जुनी कमान खुंटीला होती. ती दुरुस्त करून द्या म्हणून ते एकदा उस्तादांकडे गेले. उस्ताद म्हणाले, ही दुरुस्त होत नाही, नवी होते, शिकायचं असेल तर बस. गार्डसाहेब बसले ते सहा वर्षं बसले. पुढे मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. जनावर आपणहून मेलेलं आहे ना, हा प्रश्न गार्डसाहेब दर खेपेला विचारत आणि उस्ताद दर खेपेला गंभीरपणे मान हलवत. "हौ गार्डसाब, अपने आप मरी." मग माझ्याकडे बघून हळूच, "छुरी देख के मरी."

काम मोठं चिकट होतं. शीर खरवडून तिची चरबी काढायची, सावलीत वाळवायची, कुटायची, केसासारखे धागे होईपर्यंत फाडायची आणि मग विंचरायची. विंचरायला लागे फणी. अव्वांच्या फण्या घरातून एकेक करून नाहीशा होत आणि अव्वा उंदरांना बोल लावत. विंचरलेल्या धाग्यांच्या बोटाएवढ्या जुड्या बांधायच्या. जुडी सरसात भिजवून कमानीच्या पाठीवर, एकीशेजारी एक, एकीवर एक, बसवायची. पोटाच्या बाजूला शिंग, मध्ये लाकूड. मग वर्षभर सावलीत टांगून ठेवायची, कारण शीर वाळता वाळता आवळत जाते आणि तिचं आवळून झाल्याशिवाय कमानीला हात लावायचा नाही.

"शीर वढती, शिंग रेटतंय," गार्डसाहेब समजावून सांगत, "आन् लाकूड मधी गप बसतंय. संसार हाय मास्तर. त्यातलं लाकूड म्हंजे मी."

मी आलो तोवर त्यांच्या तीन कमानी वाया गेल्या होत्या. एकीची शीर नीट चरबी न काढल्यामुळे सालपटासारखी सुटून आली. दुसरी त्यांनी आठ महिन्यांतच ताणली आणि तिनं असा आवाज केला की शेजाऱ्यांना वाटलं, गिरणीचा पट्टा तुटला. त्यावर उस्ताद एवढंच म्हणाले, "जल्दी है तो गुलेल बना." तिसरीची पाठ मांजरानं खाल्ली. शाकाहारी घरात जन्माला आलेलं ते मांजर, त्याचा दोष तरी कसा काढावा? उभ्या आयुष्यात ते पहिल्यांदाच पोटभर जेवलं असेल. 'वाख खाणारं मांजर' म्हणून गल्लीत मात्र त्याचं नाव झालं.

चौथ्या कमानीची गोष्ट वेगळी होती. उस्तादांचे हात कापायला लागले होते आणि डोळ्यांवर वडस वाढून नीट दिसत नव्हतं. त्यांची मुलं बसगाड्यांवर कामाला, त्यांना या धंद्यात रस नाही. त्या पावसाळ्यात उस्तादांनी कसेबसे दोन महिने बसून तीस जुड्या स्वतःच्या हातानं विंचरून दिल्या. देताना म्हणाले, "बस, ये आखरी. अब हाथ नै चलते. एक कमान पूरी करके मेरे हाथ में दे दे, गार्डसाब. फिर मेरी छुट्टी." घरी येताना गार्डसाहेबांनी त्या रस्ताभर छातीशी धरल्या. त्या जुड्या त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आणि पेटीवर लाल झेंडा घातला. थंडी पडली की त्या लावायच्या, असं ठरलं.

थंडी पडली, संक्रांत आली. सणाचं म्हणून गार्डसाहेबांनी सकाळी दोन्ही झेंडे धुवायला काढले. तीस वर्षांच्या नोकरीत ज्यानं कधी सिग्नल सोडला नाही, त्या माणसानं तो एका दिवसासाठी काढून वाळत घातला.

त्या संध्याकाळी अव्वांचं हळदीकुंकू होतं. सगळी गल्ली येणार. अव्वांनी टोपलीभर शेवंती आणली होती आणि गजरे बांधायला केळीच्या सोपटाचे धागे भिजत घातले होते. ते धागे शेजारच्या शेळीनं खाल्ले. आता ऐनवेळी काय करणार? बाई शहाणी, घरात काय आहे ते जाणणारी. नवऱ्याच्या पेटीत उत्तम विंचरलेला, पांढराशुभ्र, रेशमासारखा वाख पडलेला आहे आणि आज पेटीवर झेंडाही नाही. त्यांनी तो घेतला, पाण्यात भिजवला आणि एका गजऱ्याला एक जुडी असे एकवीस गजरे बांधले.

आम्ही दोघं त्या वेळी उस्तादांना तिळगूळ द्यायला गेलो होतो. परत आलो तर शेवटच्या बायका बाहेर पडत होत्या. गार्डसाहेब ओसरीच्या पायरीवर थांबले. त्यांनी एका बाईच्या अंबाड्याकडे बघितलं. मग दुसरीच्या. परस्त्रीच्या केसांकडे असं टक लावून बघणारा तो माणूस नव्हता. मीही बघितलं, तर फुलांमधून तो पांढरा, चकचकीत धागा दिसत होता.

"मास्तर," ते म्हणाले, "गाडी गेली."

आत अव्वा मोठ्या आनंदात होत्या. "तुमचा वाख लई चांगला हाय वो. भिजला की लोण्यागत मऊ. सगळ्या बायका विचारत होत्या, कुटनं आणला."

गार्डसाहेबांना बोलायची सोयच नव्हती. वाख म्हणून सांगितलं कुणी? त्यांनीच. खरं सांगावं, तर एकवीस सवाष्णींच्या डोक्यात संक्रांतीच्या दिवशी म्हशीच्या पायाची शीर माळली गेली आहे, आणि त्यात देवळातल्या पुजाऱ्याची बायको आहे, माझ्या हेडमास्तरांची बायको आहे. न सांगावं, तर उद्या सकाळी सगळे गजरे उकिरड्यावर. त्या रात्री ते जेवले नाहीत. 'लेट' असंही म्हणाले नाहीत, तेव्हा अव्वांनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

सकाळी गल्लीत आरडाओरडा सुरू झाला. शीर भिजली की मऊ पडते आणि वाळली की आवळते. कमानीच्या पाठीवर ती जे वर्षभरात करते, ते एकवीस डोक्यांत तिनं एका रात्रीत केलं होतं. वर स्वतःचाच सरस सोडून केसांना चिकटून बसली होती. एकीचाही गजरा निघेना. ओढावा तर केस उपटतात. हेडमास्तरांच्या घरून "कात्री आण गं" अशी हाक ऐकू आली, आणि गार्डसाहेब उशाची शिट्टी घेऊन अनवाणी धावले. मी मागोमाग.

दारातूनच त्यांनी शिट्टी फुंकली. हेडमास्तरांच्या हातातून कात्री खाली पडली.

"कात्री लावू नका!" गार्डसाहेब ओरडले. "धागा... आपलं, केस तुटतील. घायपाताचा वाख असाच आवळतोय. कोमट पाणी पायजे. कढत नको, कोमट!"

कढत पाण्यानं शीर आखडून कायमची वाया जाते, हे त्यांना आणि मलाच माहीत होतं. हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "काय हो, शास्त्रीय आहे का हे?"

मला खोटं बोलता येत नाही असा दाखला मिळालेला होता. तरी मी म्हणालो, "अगदी शास्त्रीय. वनस्पतीचे तंतू असेच वागतात."

मग ती वरात निघाली. पुढे तांब्याची किटली घेतलेले गार्डसाहेब, मागे परात घेतलेला मी. घराघरांत बाई पाटावर बसायची, नवरा शेजारी उभा, आणि गार्डसाहेब दोन हात लांबून, नजर भलतीकडे ठेवून, किटलीनं धार धरायचे. गजरा सुटला की फुलं परातीत, धागे खांद्यावरच्या पंच्यात. "टाकून द्या की आता ते," असं बायका म्हणत. "छे छे, संक्रांतीचं टाकू नये," असं ते उत्तर देत. दुपारपर्यंत गल्लीत बातमी पसरली की गार्डसाहेबांनी वाण म्हणून दिलेले गजरे परत मागून आणले. इतका चिक्कू माणूस पाहिला नाही, असं लोक तोंडावर म्हणाले. ते त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. मला खरोखर त्यांची कणव आली.

शेवटच्या घरी मात्र आम्ही अडकलो. ते घर तेलुगू विणकरांचं. तिथल्या वैनी जन्मभर सुतात हात घालून बसलेल्या. त्यांनी सुटलेला धागा गार्डसाहेबांना लगेच दिलाच नाही. अंगठ्यानं चोळला, ओढला, नाकाशी नेला.

"मामा," त्या म्हणाल्या, "हे झाडाचं न्हाय."

गार्डसाहेब किटलीत किती पाणी उरलं ते बघू लागले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. वैनींनी दोघांकडे नीट बघून घेतलं आणि धागा पंच्यात टाकला. "न्या," एवढंच म्हणाल्या.

वीस झाले होते. घरी आलो. एकविसावा गजरा स्वयंपाकघरात, अव्वांच्या अंबाड्यात. त्या पाठमोऱ्या बसून भाकरी थापत होत्या आणि मान हलली की शेवंतीची फुलं हलत होती. गार्डसाहेब किटली हातात धरून उंबऱ्याशी उभे राहिले. मला वाटलं, आता मागतील. तीस वर्षं हा माणूस मालगाडीबरोबर गावोगाव हिंडला, पण लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी बायकोला कधी गजरा आणला नव्हता. हे अव्वांनीच मला एकदा हसत सांगितलं होतं. शेवटी त्यांनी किटली चुलीजवळ ठेवली.

"च्या ठेव," ते म्हणाले.

मला वाटलं, भ्याले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी कमानीच्या पाठीवर शीर चढवली. धागे पुन्हा विंचरले, तरी सरसाच्या वासातून शेवंतीचा वास येत होता. मग कमान टांगली आणि वर्षभर वाट बघितली. वाट बघण्याची खरी शिक्षा उस्तादांना होती. तब्येत खालावत चालली होती. आम्ही गेलो की ते खाटेवरून विचारत, "सूखी क्या?" गार्डसाहेब म्हणत, "अजून न्हाय." उस्ताद म्हणत, "ठीक है, रुकता हूँ." परगावच्या गाडीसाठी फलाटावर थांबावं तसे ते थांबले होते, आणि गाडी वेळेवर आणायची जबाबदारी गार्डसाहेबांवर होती. त्या वर्षी ते पहिल्यांदाच म्हातारे दिसू लागले.

पुढची संक्रांत झाली आणि दुसऱ्या दिवशी ते कमान धोतरात गुंडाळून निघाले. तेवढ्यात अव्वा डोक्यावर पदर घेऊन, तिळगुळाचा डबा हातात धरून बाहेर आल्या. "मीबी येती," म्हणाल्या. "इतकी वर्षं उस्ताद उस्ताद ऐकतीया. बघू तर द्या." नको म्हणायला गार्डसाहेबांना कारणच सापडेना. टांग्यात ते सारखे माझ्याकडे बघत होते. उस्तादांच्या अंगणात साजाचं कातडं, शिंगं, शिरा सगळं उघड्यावर पडलेलं असे.

त्या दिवशीही होतं. अव्वांनी पदर सावरला, शिरांच्या दोरीखालून वाकून आत गेल्या आणि उस्तादांच्या हातावर तिळगूळ ठेवला.

कमान न ताणलेली असली की ती उलटी वळलेली असते. दोरी चढवायची तर तिला तिच्या मनाविरुद्ध मागे वाकवावं लागतं, आणि ते एकट्याचं काम नाही. मी एक टोक धरलं, गार्डसाहेबांनी दुसरं. कमान वाकेना. त्यांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं. "सरका वो," असं म्हणून अव्वांनी लुगड्याचा काचा मारला आणि कमानीच्या मधोमध सरळ गुडघा दिला. कमान कुरकुरली. ती आणखी वाकली आणि दोरी खाचेत बसली. मोडली नाही. गार्डसाहेबांनी ती दोन्ही हातांनी उस्तादांच्या हातात दिली.

उस्तादांना दिसत नव्हतं. त्यांनी दोरी छेडली, कानाला लावून ऐकली. मग कापरी बोटं पाठीवरून सावकाश फिरवत नेली. एका जागी ती थांबली, मागे आली, पुन्हा थांबली.

"यहाँ एक जुडी कम है, गार्डसाब. मैंने तीस गिनके दी थी."

गार्डसाहेब खाली मान घालून म्हणाले, "हाय कमी, उस्ताद. घरात हाय ती."

"माझ्या करंड्यात हाय," अव्वा म्हणाल्या.

गार्डसाहेबांनी मान वर केली. अव्वा उस्तादांच्या खाटेशी शांत उभ्या होत्या.

"कशाची हाय ते ठाव हाय का तुला?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"म्हशीची. विणकराच्या वैनीनं त्याच दिवशी सांगितलं की."

"आन् ठिवलीस? कुंकवाच्या करंड्यात?"

"सगळ्या गल्लीकडनं मागून आणल्या तुमी. किटली घिऊन दारोदार हिंडला," अव्वा म्हणाल्या. "माझी तेवढी मागितली न्हाईत. म्हून ठिवली."

उस्ताद हसायला लागले ते खोकला येईपर्यंत हसले. मग त्यांनी ती कमी असलेली जागा अंगठ्यानं एकदा दाबून बघितली आणि कमान गार्डसाहेबांच्या हातात परत दिली. "रहने दे," म्हणाले. "ऐसीच अच्छी है."

परत येताना मंडईपाशी गार्डसाहेबांनी टांगेवाल्याला थांबवलं, खाली उतरले आणि गर्दीत दिसेनासे झाले. बऱ्याच वेळानं आले ते हातात पानात बांधलेला शेवंतीचा गजरा घेऊन. अव्वांकडे न बघताच त्यांनी तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

अव्वांनी पुडा सोडला, गजऱ्याचा धागा बोटानं चाचपून बघितला. "केळीचा हाय," त्या म्हणाल्या आणि गजरा केसात माळला. मग टांग्याबाहेर तोंड करून हसत हसत पुटपुटल्या, "चाळीस वर्षं लेट."